बायको ट्रेनिंगला, नवरा बीचवर: जोडीदाराच्या ऑफिस टूरला सोबत गेलं तर बिल कोण भरतं?

जानेवारी २०२५. ऑस्ट्रेलियात बॉर्डर-गावस्कर मालिका १-३ अशी गमावून भारतीय संघ परतला आणि बीसीसीआयने खेळाडूंसाठी दहा कलमी शिस्त जाहीर केली. त्यात सगळ्यात जास्त गाजलं ते घरच्या माणसांबद्दलचं कलम. परदेश दौरा ४५ दिवसांपेक्षा मोठा असेल, तर बायको आणि १८ वर्षांखालची मुलं जास्तीत जास्त दोन आठवडे सोबत राहू शकतात. त्या दोन आठवड्यांचा राहण्याचा खर्च मंडळ करणार, बाकीचा सगळा खेळाडूने करायचा. मुदत वाढवायची असेल तर आधी परवानगी.

दोनच दिवसांनी मुंबईत पत्रकार परिषद होती. बाजूला बसलेल्या अजित आगरकरशी रोहित शर्मा हळू आवाजात बोलत होता आणि माईक चालू राहिला. फॅमिलीच्या विषयावर आता सचिवांशी बसून बोलावं लागणार, सगळे मलाच विचारतायत, अशा अर्थाचं ते बोलणं देशभर ऐकलं गेलं. मार्चमध्ये विराट कोहलीनेही जाहीरपणे सांगितलं, की दिवसभराच्या ताणानंतर एकट्याने खोलीत बसून राहण्यापेक्षा घरच्यांकडे परतता येणं मोलाचं असतं. मंडळाने मात्र धोरण कायम ठेवलं.

आता यावर सोशल मीडियात दोन तट पडले. एक म्हणतो, कोट्यवधी रुपये मिळतात, मग कामावर लक्ष द्या, बायकापोरांना फिरवायला पाठवलंय का? दुसरा म्हणतो, माणसाने तीन तीन महिने घरच्यांशिवाय काढायचे का?

पण हा प्रश्न फक्त क्रिकेटपटूंचा राहिलेला नाही. बँकेचं ट्रेनिंग गोव्यात असतं, औषध कंपनीची वार्षिक मीटिंग फुकेतला असते, डॉक्टरांची परिषद कोचीला भरते, आयटी कंपनीचा ऑफसाइट अलिबागला ठरतो. तिकीट आणि हॉटेल ऑफिसचं. मग घरात प्रश्न येतोच, "मीही येऊ का?"

खुलताबादहून गोवा

समजा, खुलताबादमधलं एक जोडपं आहे. ती बँकेत अधिकारी, तो खासगी शाळेत शिक्षक. खुलताबाद डोंगरावरचं गाव, छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर. समुद्र म्हणाल तर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या पुढे. लग्नाला आठ वर्षं झाली, समुद्र एकदाच पाहिलेला. आणि तिला तीन दिवसांच्या ट्रेनिंगसाठी गोव्याला जायचं आहे.

हॉटेलची खोली तशीही दोघांची असते. पलंगही डबलच असतो. मग तो सोबत गेला तर ऑफिसचं काय जातं?

इथेच गोंधळ सुरू होतो. कारण "ऑफिसचं काय जातं" या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं आहेत. एक ऑफिसच्या नियमातलं, एक इन्कम टॅक्समधलं आणि एक घरातलं.

ऑफिसचा नियम: दौरा वेगळा, बदली वेगळी

सरकारी नोकरीत याचं उत्तर जुनं आणि स्पष्ट आहे. बदली झाली तर प्रवासभत्ता कुटुंबासह मिळतो, कारण सरकार अख्खं घर हलवत असतं. दौऱ्यावर गेलं तर भत्ता फक्त कर्मचाऱ्याचा, कारण सरकारने पाठवलेलं असतं एकाच माणसाला. बायको किंवा नवरा सोबत गेल्यास हरकत नसते, पण त्यांचं तिकीट बिलात लागत नाही.

खासगी कंपन्यांत बहुतेक ठिकाणी हाच रिवाज आहे, फरक इतकाच की अनेकदा तो कुठे लिहिलेला नसतो. एक मॅनेजर "घेऊन ये की" म्हणतो, दुसरा नाक मुरडतो. एकाच्या बायकोचा नाश्ता बिलात खपतो, दुसऱ्याचं बिल अकाउंट्समधून परत येतं. मंडळाचा नियम आवडो न आवडो, त्यात एक गोष्ट चांगली आहे: किती दिवस, कोण आणि खर्च कोणाचा, हे तिन्ही त्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत या तीनपैकी एकही गोष्ट कागदावर नसते.

काही पेशांत मात्र जोडीदाराची सोबत व्यवस्थेतच धरलेली आहे. खासदारांना वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात आणि ते जोडीदारासोबतही करता येतात. मर्चंट नेव्हीत अनेक कंपन्या अधिकाऱ्यांना काही काळ बायकोला जहाजावर आणू देतात. म्हणजे कामाच्या प्रवासात जोडीदार नकोच, असा काही निसर्गनियम नाही. ज्याचं पद मोठं किंवा ज्याचा प्रवास लांब, त्याला ही सोय आधी मिळाली, एवढंच.

खुलताबादला तर याचा इतिहास गावातच आहे. १६८१ मध्ये दख्खनकडे निघालेला औरंगजेब सगळा जनाना आणि दरबार घेऊन आला होता. ती मोहीम पाव शतक चालली, तो परत उत्तरेला गेलाच नाही आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मेल्यावर खुलताबादेत पुरला गेला. बादशहाच्या दौऱ्यात घर सोबत असायचं, सैनिकाचं घर मात्र गावी राहायचं. ती विभागणी वेगळ्या रूपात अजून टिकून आहे.

टॅक्सचा नियम: फुकट वाटतं ते उत्पन्न असतं

आता सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट. आयकर नियम, १९६२ मधल्या नियम ३ च्या पोटनियम ७ मध्ये या परिस्थितीचा सरळ उल्लेख आहे. त्याचा सारांश असा:

– कर्मचारी ऑफिसच्या कामाने दौऱ्यावर असेल आणि सोबत आलेल्या घरच्या माणसाचा खर्च कंपनीने केला, तर तो खर्च कर्मचाऱ्याला मिळालेला लाभ धरला जातो. म्हणजे पगारात मिळवून त्यावर टॅक्स.

– कामाचा दौरा पुढे वाढवून सुट्टी केली, तर कामाच्या दिवसांचा खर्च लाभ धरत नाहीत. फक्त वाढवलेल्या दिवसांचा खर्च, तोही कंपनीने भरला असेल तर, लाभ होतो.

– त्यातली जी रक्कम कर्मचाऱ्याने स्वतः भरली, ती वजा होते.

हा नियम खरं तर समंजस आहे. काम आणि सुट्टी एकत्र केली म्हणून अख्ख्या दौऱ्यावर शंका घेत नाही. फक्त रेघ कुठे मारायची ते सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या आयकर कायद्याने घेतली आहे, त्यामुळे कलमांचे जुने क्रमांक पाठ असतील तर ते विसरायला हवेत.

हिशेब करून बघू

वरच्याच जोडप्याचा हिशेब मांडू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.

ट्रेनिंग बुधवार ते शुक्रवार. ती मंगळवारी रात्री पोचते. मंगळवार, बुधवार, गुरुवार या तीन रात्री ऑफिसच्या. एका माणसासाठी खोली ५,००० रुपये, दोघांसाठी ५,८००. म्हणजे तो सोबत आला म्हणून वाढलेला खर्च रोजचे ८०० रुपये, तीन रात्रींचे २,४००.

शुक्रवार आणि शनिवार, या दोन रात्री दोघं स्वतःची सुट्टी म्हणून थांबतात. त्याचे ११,६००.

त्याचं जाण्या-येण्याचं तिकीट ६,०००.

एकूण २०,००० रुपये. हा झाला घरचा खर्च. तिचं तिकीट आणि तीन रात्रींचे १५,००० हा ऑफिसचा खर्च.

आता कंपनीने मोठं मन करून ते २०,०००ही भरले, तर? ते तिच्या उत्पन्नात मिळवले जातील. तिला २० टक्क्यांचा स्लॅब लागत असेल, तर टॅक्स ४,००० आणि त्यावर ४ टक्के सेस १६०, म्हणजे ४,१६० रुपये. तरी फायदा आहेच, पण "सगळं फुकट" नाही.

आणि तिने काहीच न सांगता ते ८०० रुपये ऑफिसच्या बिलात जाऊ दिले, तर? रक्कम चहापाण्याची वाटते, पण कागदावर ते खोटं बिल असतं. दौऱ्याच्या बिलावर सही करताना "हा खर्च कामासाठी झाला" असं लिहून दिलेलं असतं. चौकशी लागते तेव्हा रक्कम किती हा प्रश्न नंतर येतो, सही कोणाची हा आधी.

यावर साधा उपाय आहे. हॉटेलमध्ये चेक-इन करतानाच दोन बिलं मागायची. एक कंपनीच्या नावाने, ठरलेल्या रात्रींचं. दुसरं स्वतःच्या नावाने, जास्तीच्या माणसाचं आणि जास्तीच्या रात्रींचं. आणि दोघांची ओळखपत्रं काउंटरवर द्यायची. खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या माणसाची नोंद नसणं कुठल्याही अपघाताच्या वेळी महागात पडतं.

परतीच्या तिकिटाचंही तसंच. शुक्रवार रात्रीऐवजी रविवारी निघायचं असेल, तर ते आधी लेखी विचारायचं आणि भाड्यात फरक पडला तर तो स्वतः भरायचा.

"एलटीए आहे ना!" इथे बरेच जण चुकतात

जोडीदाराच्या तिकिटाचा विषय निघाला की ऑफिसात कोणीतरी सल्ला देतंच, "एलटीएमध्ये टाक." तो सल्ला इथे लागू होत नाही. रजा प्रवास सवलतीवरची करमाफी माणूस रजेवर जातो तेव्हाची आहे. ट्रेनिंगला गेलेली बाई ड्युटीवर आहे. ड्युटीचा प्रवास रजेचा म्हणून दाखवता येत नाही.

शिवाय ही माफी फक्त प्रवासभाड्यावर आहे, हॉटेल आणि जेवणावर नाही. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोनच प्रवासांना आहे. नवीन करप्रणाली निवडली असेल तर मिळतच नाही. आणि ती फक्त भारतातल्या प्रवासाला आहे.

शेवटच्या मुद्द्यावर तर सुप्रीम कोर्टापर्यंत लढाई झाली. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली असा फेरा मारला. कागदावर मुक्काम मदुराईचा, वाटेत समुद्रापलीकडचे तीन देश. बँकेने त्यांना भाड्याची भरपाई दिली आणि टॅक्स कापला नाही. ४ नोव्हेंबर २०२२ ला तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने सांगितलं, की सवलत देशातल्या देशात, जवळच्या मार्गाने जाण्यासाठी आहे. परदेशाला वळसा घातला की ती मिळत नाही, आणि टॅक्स न कापणाऱ्या बँकेला कसूरदार ठरवणं बरोबर आहे.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी याहून सोपा रस्ता आहे. "महाराष्ट्र दर्शन" ही रजा प्रवास सवलत कुटुंबासह घेता येते आणि तारकर्ली, दिवेआगर, गणपतीपुळे हे सगळे किनारे महाराष्ट्रातच आहेत. समुद्रच बघायचा असेल तर त्यासाठी कोणाच्या ट्रेनिंगची वाट पाहायची गरज नाही.

घरातला हिशेब: ती गेली तर हौस, तो गेला तर टोमणे

पैशांचा हिशेब एकदा बसला की उरतो तो लोकांचा. नवऱ्याच्या टूरवर बायको गेली तर शेजारी म्हणतात, "हौस आहे बाई." बायकोच्या टूरवर नवरा गेला तर म्हणतात, "हा काय बॅग उचलायला गेला का?" आणि बायको एकटी गेली तर तिसरंच काहीतरी म्हणतात.

क्रिकेटमध्ये हे उघड दिसतं. २६ मार्च २०१५ ला सिडनीत वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये भारत हरला, विराट एका धावेवर बाद झाला आणि सोशल मीडियाने दोष दिला तो प्रेक्षकांत बसलेल्या अनुष्का शर्माला. २०२४ मध्ये ब्रिजटाऊनला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला तेव्हाही बऱ्याच खेळाडूंची कुटुंबं तिथेच होती. तेव्हा बायका-मुलांमुळे जिंकलो असं काही ट्रेंड झालं नाही. हरलं की सोबत आलेलं माणूस आठवतं, जिंकलं की विसरतं. ऑफिसात फार वेगळं नसतं. टार्गेट चुकलं की "टूरवर बायकोला घेऊन गेला होता" हे वाक्य बाहेर येतंच.

म्हणून कामाच्या वेळेत कामावर दिसणं, हा सोबत जाण्याचा पहिला करार. दिवसाचं सत्र, संध्याकाळचं टीम डिनर, दुसऱ्या दिवशीची तयारी, यातलं काहीही जोडीदारासाठी सुटता कामा नये. याचा अर्थ सोबत गेलेल्या माणसाने सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकट्याने काढायचे असतात. जोडीने फिरायला जातोय अशा समजुतीने गेलं की दुसऱ्याच दिवशी रुसवा ठरलेला. एकट्याने फिरायला, वाचायला, नुसतं बसायला जातोय आणि संध्याकाळ मिळाली तर बोनस, असं धरलं की तीच सहल छान होते.

यात मागे राहिलेल्यांचाही विचार लागतो. खुलताबादच्या त्या घरात सहा वर्षांची मुलगी आणि आजी असेल, तर आई-बाबा दोघंही पाच दिवस गेले की शाळेचा डबा, अभ्यास, रिक्षा हे सगळं आजीवर पडतं. ऑफिसने एकाचं तिकीट काढलेलं असतं, त्याचा भार मात्र तिसऱ्याच माणसाने उचललेला असतो.

एकट्याने बीचवर जाताना

समुद्राजवळ न वाढलेल्या माणसासाठी ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. ग्रुपमध्ये कोणीतरी हाक मारतं, "पुढे जाऊ नको." एकट्याला ती हाक मारणारं कोणी नसतं. विहिरीत किंवा तलावात पोहता येणं आणि समुद्रात पोहता येणं यात फार फरक आहे. लाट परतताना पाणी ओढून नेतं, त्याचा अंदाज काठावरून येत नाही.

गोव्यात प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात आणि झेंडे लावलेले असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, कितीही लोक उतरलेले दिसले तरी. पावसाळ्यात हॉटेलं स्वस्त असतात, म्हणून कंपन्यांची ट्रेनिंगही त्याच काळात ठरतात, आणि नेमका तेव्हाच समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत तारकर्लीसारख्या ठिकाणी वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. गोव्यात २०१९ पासून उघड्या किनाऱ्यावर दारू पिणंही दंडनीय आहे.

अजून एक. ऑफिसने प्रवासाचा विमा काढलेला असतो तो बहुतेक वेळा कर्मचाऱ्याचा. जोडीदाराला काही झालं तर तो लागू होत नाही. त्याचा वेगळा काढावा लागतो.

आणि वेळापत्रक कोलमडलं तर? २९ जून २०२४ ला वर्ल्ड कप जिंकल्यावर बेरिल चक्रीवादळाने बार्बाडोसचा विमानतळ बंद पडला. संघ, कुटुंबं आणि पत्रकार हॉटेलात अडकले आणि एअर इंडियाच्या खास विमानाने ४ जुलैला सकाळी दिल्लीत पोचले. बीसीसीआयकडे अख्खं विमान मागवण्याची ताकद होती. गोव्यात फ्लाइट रद्द झाली तर कंपनी कर्मचाऱ्याचं दुसरं तिकीट काढेल, जोडीदाराचं ज्याचं त्याने बघायचं. तेवढे पैसे हाताशी ठेवूनच निघायला हवं.

याची दुसरी बाजू खुलताबादेतच आहे

खुलताबाद बातम्यांत येतं ते बहुतेक कबरीच्या वादामुळे. पण कामाच्या दौऱ्याला जोडून सुट्टी, हा प्रकार या तालुक्याच्या पोटापाण्याचाही आहे. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत ऑडिट, मशीन दुरुस्ती, मीटिंग यासाठी देशभरातून माणसं येतात. ती दिवसभर कंपनीत असताना सोबत आलेला जोडीदार जातो तो वेरूळला. १९८३ पासून जागतिक वारसा असलेली लेणी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, म्हैसमाळ, मलिक अंबरची कबर, हे सगळं खुलताबाद तालुक्यातच. रिक्षावाला, गाईड, खानावळ, हिमरू शालींचं दुकान, सगळ्यांना या जास्तीच्या एका माणसाचा आणि जास्तीच्या एका दिवसाचा आधार असतो. फक्त मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे न पाहता आलेले लोक गेटवरून परत जातात.

मग जावं की नाही?

जायला कायद्याची आडकाठी नाही, टॅक्सचीही नाही. निघण्याआधी चार गोष्टी ठरलेल्या असल्या की झालं. ऑफिसला लेखी सांगितलंय का, की जोडीदार सोबत येतोय? बिलं वेगळी होणार आहेत का? सोबत जाणाऱ्याचा दिवस कसा जाणार आणि विमा आहे का? घरी मागे कोण काय सांभाळणार आणि त्या माणसाला विचारलंय का?

कंपन्यांनीही एवढं करायला हरकत नाही: अर्ध्या पानाचा नियम लिहून सगळ्यांना पाठवावा. दोन आठवडे असोत की दोन रात्री, मुदत लिहिलेली असली की मॅनेजरच्या मूडवर काही राहत नाही आणि शिपायापासून साहेबापर्यंत एकच माप लागतं. आज बऱ्याच ठिकाणी साहेबाची बायको आली तर ती पाहुणी असते आणि क्लार्कची आली तर ती चर्चा असते. क्रिकेटपटूला निदान नियमाविरुद्ध बोलायला माईक तरी मिळतो. ज्या ऑफिसात नियमच लिहिलेला नाही, तिथे क्लार्कने दाद मागायची तरी कशाच्या आधारावर?